कोकरू कोणाचं, नफा कोणाचा? बुलढाणा जिल्ह्यातील मेंढपाळीचा एक हिशेब



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात कोकरांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. बुलढाणा म्हटलं की सिंदखेड राजा आठवतं, लोणारचं सरोवर आठवतं, शेगाव आठवतं. मेंढरू कोणाला आठवत नाही. म्हणून हा विषय आमच्या डोक्यात कसा आला, ते आधी सांगतो.

घाटावरच्या एका गावात आम्ही दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. बोलणं संपल्यावर पंचविशीतला एक तरुण बाजूला येऊन म्हणाला, "सर, घरची चार एकर कोरडवाहू आहे. सोयाबीनचं काही खरं नाही. धनगराकडून तीन महिन्यांची कोकरं घ्यायची, तीन महिने चांगलं खाऊ घालायचं आणि विकायची. कर्ज काढू का?" आमच्याजवळ उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी गावाबाहेर जाळीची वाघर लावून एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. त्यांना आम्ही हीच गोष्ट सांगितली. बाबा हसले आणि म्हणाले, "भाऊ, कोकरू आमच्या घरी जलमते, पैसा दुसऱ्याच्या घरी मोठा होते."

एकाला त्या धंद्यात शिरायचं आहे आणि दुसऱ्याच्या हातून तो निसटला आहे. असं कधीपासून झालं, का झालं, आणि त्यातून त्या तरुणाला काही उत्तर मिळतं का, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

प्रथम धंदा म्हणजे काय, ते स्पष्ट करू. मेंढी पाळण्यात दोन वेगळी कामं असतात. पहिलं काम मेंढी गाभण राहणं, विणं, कोकरू दुधावर जगवणं. दुसरं काम ते दूध सोडलेलं कोकरू मांसाला भरेपर्यंत वाढवणं. पहिल्या कामाला माणूस लागतो, रात्रीची राखण लागते, चालायला पाय लागतात. दुसऱ्या कामाला चारा लागतो आणि थोडं भांडवल लागतं. ही दोन कामं एकाच घरात होऊ शकतात किंवा दोन घरांत वाटली जाऊ शकतात.

ब्रिटनमध्ये ती फार पूर्वीच वाटली गेली. तिकडे डोंगरावरचा मेंढपाळ उन्हाळ्याच्या गवतावर वाढलेली पण अजून अंगाने न भरलेली कोकरं शरद ऋतूत सखल भागातल्या शेतकऱ्याला विकतो. तो शेतकरी सलगम, चारापिकं, थोडं धान्य घालून हिवाळ्यात ती तयार करतो आणि खाटकाला देतो. अशा कोकराला तिकडे 'स्टोअर लॅम्ब' म्हणतात. अठराव्या शतकात सलगमासारखी पिकं फेरपालटात बसली आणि सखल शेतावर हिवाळ्यातही मेंढरं पोसता येऊ लागली, तसा या व्यवहाराला जोर आला. डोंगर कोकरू देतो, मैदान त्याला भरवतं.

आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. अजिंठ्याची रांग जिल्ह्याचे दोन भाग करते. आपण आजही 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असंच म्हणतो. जुन्या कागदांत बालाघाट आणि पयनघाट. मोटामोटी वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वर बरड माळ आणि डोंगरउतार, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी. म्हणजे डोंगर आणि मैदान दोन्ही आपल्याकडे होतं. मग ब्रिटनसारखी वाटणी आपल्याकडे का झाली नाही?

कारण आपल्याकडे कोकरू एकटं खाली उतरत नव्हतं. अख्खा कळप, त्याचा धनी, बायकामुलं, कुत्री, घोडं, सगळा वाडाच खाली उतरत होता. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चिखल होतो, मेंढराचे खूर कुजतात, आणि शेतात पीक उभं असल्यामुळे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून चार महिने मुरमाड माळावर काढायचे. दसरा-दिवाळीनंतर ज्वारी निघाली, की रिकाम्या रानात उतरायचं. ज्वारीचे धसकटं आणि फुटवे, बांधावरचं गवत, तुरीचा पाला, शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीवर राहिलेली अर्धीकच्ची बोंडं आणि पानं, आणि उन्हाळा लागला की बाभळीच्या शेंगा. मेंढरांना हे सगळं मिळत होतं.

मेंढीचं चक्रही या हिशेबात बसलेलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर, हिरवा चारा अंगी लागला की मेंढ्या माजावर येतात. पाच महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, वितात. म्हणजे कोकरू दूध सोडून खायला लागेपर्यंत कळप काळीवर पोचलेला असतो. रिकाम्या रानातलं हे चारणं हाच आपल्याकडचा खुराक होता. कोकराला भरवण्याचा वेगळा धंदा झाला नाही, कारण त्या खाण्याला पैसे पडत नव्हते.

पैसे पडत नव्हते असं म्हणालो, पण ते फुकट मात्र नव्हतं. शेतकरी स्वतः मेंढपाळाला बोलवून रानात मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडी आणि मूत जागेवरच जमिनीत जायचं. त्याबद्दल शेतकरी ज्वारी द्यायचा. म्हणजे मेंढपाळाची तीन उत्पन्नं होती: खतासाठी मिळणारं धान्य, घोंगड्यासाठी लोकर, आणि वर्षाला विकायचे नर. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातींविषयीच्या ग्रंथात धनगरांची ओळख मेंढ्या पाळणारे आणि घोंगडी विणणारे अशीच आहे. मटण हा या धंद्याचा एक भाग होता, पूर्ण धंदा नव्हता. म्हणून नर विकायची घाई नव्हती. धान्य मिळत होतं, लोकर विकत होती. कोकरू आणखी दोन महिने कळपात राहिलं तर बिघडत नव्हतं.

हे वर्णन ऐकून कोणी असं समजू नये, की जुन्या काळी सगळं गोड होतं. रोगराईत अर्धा कळप जायचा, लांडगा होता, गावगुंड होते, पाटलाची मर्जी सांभाळावी लागायची. मुद्दा इतकाच, की कोकराची वाढ आणि कोकराचा जन्म एकाच हातात होता.

या दोन गोष्टी हिंदुस्थानात ठळकपणे वेगळ्या झालेल्या दिसतात, त्या इंग्रजी छावण्यांत. गोऱ्या अधिकाऱ्यांना बाजारातलं चरून आलेल्या मेंढराचं मटण वातड लागायचं. मग मेंढरं विकत घेऊन त्यांना हरभरा चारायचा आणि मगच कापायची, अशी रीत पडली. हरभऱ्यावर पोसलेल्या मटणाची ख्याती इतकी झाली, की 'ग्रॅम-फेड' हा शब्द लाडावलेल्या माणसालाही लावत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात तो नोंदवलेला आहे. छावण्यांतून 'मटन क्लब' असत. चार-सहा कुटुंबं वर्गणी काढून छोटा कळप ठेवायची, त्याला हरभरा घालायची आणि मांस आळीपाळीने वाटून घ्यायची. आमच्या तरुण मित्राची योजना नेमकी हीच आहे: विकतचं मेंढरू, विकतचा खुराक, ठरावीक मुदत. फरक एवढाच, की त्या साहेबांना नफा काढायचा नव्हता, चव काढायची होती.

आता वऱ्हाडाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. पुढच्या पन्नास वर्षांत मेंढपाळाच्या पायाखालची जमीन दोन बाजूंनी आक्रसली. पहिली बाजू कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडचा भाव कडाडला. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावकडून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावच्या कापसासाठी जलंबहून वेगळा फाटा काढला, तो १८७० साली सुरू झाला. पडीक रान नांगराखाली आलं. दुसरी बाजू जंगलाची. वन खात्याने डोंगर आणि उतार ताब्यात घेतले, त्यांचे वर्ग पाडले, चराईला फी लावली. शेळ्यामेंढ्यांकडे हे खातं सगळ्यांत वाकड्या नजरेने पाहत असे.

इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर, आणि नंतर मध्य हिंदुस्थानातल्या गुराढोरांवर स्वतंत्र पुस्तकं लिहिली आहेत. चराऊ रान आटलं आणि म्हणून जनावर दुबळं झालं, हा त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा धागा आहे. पण हे समजायला एकविसावं शतक उजाडावं लागलं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात वन खात्याने गायरानं आणि डोंगरदऱ्या घशात घातल्यामुळे लहान शेतकऱ्याला चार शेरडंमेंढरं पाळणंही मुश्कील झालं, ही तक्रार स्पष्टपणे केलेली आहे.

याच काळातली आणखी एक गोष्ट आमच्या दृष्टीने मोठी आहे. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. शेतमालाच्या बाजाराचं नियमन करणारा तो हिंदुस्थानातला अगदी सुरुवातीचा कायदा. बाजाराची जागा ठरली, समिती आली, दलाल आणि मापाडी परवान्याखाली आले, मापावर लक्ष राहू लागलं. कापसाच्या गाडीला काटा मिळाला.

मेंढराला तो मिळाला नाही. मेंढरू नगावर विकलं जायचं. हेडी येणार, कोकराच्या पाठीच्या कण्यावरून आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवणार, मांडी चाचपणार, उचलून पाहणार आणि रुमालाखाली बोटं धरून भाव करणार. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचा एक वेगळाच फटका बसतो. कापसाचे तक्ते सापडतात, भाव सापडतात, गाठींचे आकडे सापडतात. कोकराचं वजन कुठल्या वहीत चढलेलंच नाही, त्यामुळे त्याचा इतिहास आपल्याला कडेकडेने शोधावा लागतो. मेंढपाळाला बसलेला फटका याहून मोठा, त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

१८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या तोंडचा छपन्नचा दुष्काळ. वऱ्हाडात त्या साली चाऱ्याअभावी जनावरं तडफडून मेली. १९७२ च्या दुष्काळात हेच चित्र पुन्हा दिसलं. माणसांसाठी दोन्ही वेळा कामं निघाली होती. जनावराला मात्र दोन्ही वेळा एकच नियम लागू झाला: चारा संपला की मालक विकायला काढतो, आणि सगळे एकाच आठवड्यात विकायला काढतात. भाव पडतो. ज्याच्याकडे त्या वेळी चाऱ्याची गंजी असते, तो मातीमोलाने घेतो आणि पाऊस पडल्यावर सोन्याच्या भावाने विकतो. नफा कोणाच्या घरी मोठा होतो, याचं उत्तर दुष्काळ फार उघडपणे देतो: ज्याच्या दारात गंजी, त्याच्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढपाळाची तिन्ही उत्पन्नं बदलली. लोकर आधी गेली. गिरणीची चादर आणि स्वस्त ब्लँकेट आलं आणि दख्खनी मेंढीच्या काळ्या, भरड लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही. आज कित्येक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. मग रासायनिक खत आलं आणि शेतात मेंढरं बसवण्याचं मोल कमी झालं. उरलं काय, तर मांस. त्याला मात्र गिऱ्हाईक वाढत गेलं. शहरं फुगली. मुंबईत वांद्र्याचा जुना कत्तलखाना जाऊन १९७१ साली देवनारचा सुरू झाला. राज्य सरकारने १९७८ साली मेंढी व शेळी विकासासाठी महामंडळ काढलं, त्याला पुढे अहिल्यादेवींचं नाव मिळालं. ज्या धंद्यात मांस हा तिसरा हिस्सा होता, त्यात आता तेच सर्वस्व झालं. आणि ऐन त्या वेळी कोकराला मांसाला आणणारं रान हातातून सुटलं.

ते कसं सुटलं, हे नीट पाहिलं पाहिजे, कारण आजच्या विषयाचं मर्म तिथेच आहे. गावाच्या चराऊ जमिनीला आपल्याकडे ई-क्लास म्हणतात. तिच्यावर भूमिहीनांनी पोटासाठी नांगर घातला, काहींनी पोटाहून जास्त घेण्यासाठी घातला, काही सरकारी इमारतींनी व्यापली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश दिले, पण जे रान गेलं ते गवतासकट परत येणं सोपं नसतं. दुसरीकडे कच्छचे रबारी गेल्या काही दशकांपासून आपले कळप घेऊन विदर्भात फिरतात. म्हणजे उरलेल्या रानावर तोंडंही वाढली.

पण सगळ्यांत मोठा बदल झाला तो शेतातच. १९९० च्या आसपास सोयाबीन आलं आणि पाहता पाहता ज्वारी हटली. सोयाबीन दसऱ्याला निघतं आणि पाणी असलं तर लगेच हरभऱ्यासाठी ट्रॅक्टर फिरतो. रान रिकामं राहतच नाही. तणनाशकाने बांधाचं गवत गेलं. आणि मळणीयंत्र आलं. या यंत्राने मेंढपाळाचं काय केलं, याचा विचार सहसा कोणी करत नाही. पूर्वी पिकाचा उरलासुरला भाग रानभर पसरलेला असायचा. तो वेचायला माणूस परवडायचा नाही, मेंढरूच परवडायचं. आता यंत्र सगळं एका जागी गोळा करतं आणि धुऱ्यावर कुटाराचा ढीग पडतो. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, हरभऱ्याचं कुटार. जे खाणं पसरलेलं होतं तोवर कळपाचं होतं, ते ढिगात आलं आणि शेताच्या मालकाचं झालं. त्याच्या जोडीला खामगाव-मलकापूरच्या पट्ट्यात सरकी आणि ढेप पूर्वीपासून आहेच.

म्हणजे गंजी शेतकऱ्याकडे, कोकरू मेंढपाळाकडे. ब्रिटनमध्ये जी वाटणी दोन शतकांपूर्वी झाली, ती आपल्याकडे गेल्या तीस वर्षांत झाली. मेंढपाळ चालत असतो. तो ढेपेची पोती पाठीवर घेऊन फिरू शकत नाही. माघ-फाल्गुनात रान संपतं, दवाखाना असतो, पोरांची फी असते. तो तीन महिन्यांचं कोकरू विकतो. आणि बाबांचं वाक्य खरं होतं.

आता आपण त्या तरुणाच्या बाजूने हिशेब करू. पुढचे भाव समजण्यापुरते धरले आहेत. आपापल्या बाजाराचे घालून पाहावेत. दख्खनी कोकरू जन्मताना सुमारे ३ किलोचं आणि तीन महिन्यांनी १२ ते १४ किलोचं भरतं. १२ किलोचं कोकरू जिवंत वजनाला ४०० रुपये किलोने घेतलं तर ४,८०० रुपये. बरा खुराक दिला तर दिवसाला १०० ग्रॅम वाढ धरता येते. ९० दिवसांत ९ किलो, म्हणजे ते २१ किलोचं होतं. खुराक रोज ३०० ग्रॅम, म्हणजे २७ किलो. ३० रुपयांनी ८१० रुपये. कुटार रोज ४०० ग्रॅम, म्हणजे ३६ किलो. विकत घेतलं तर ८ रुपयांनी २८८. लस, जंताचं औषध, वाहतूक दीडशे. सगळे मिळून सहा हजार अठ्ठेचाळीस. त्याच ४०० च्या भावाने विकलं तर ८,४०० येतात. साडेतेवीसशे रुपये शिल्लक. इथेच लोक थांबतात आणि कर्ज काढतात.

आपण पुढे जाऊ. विकताना भाव ३५० झाला तर शिल्लक तेराशे. ३०० झाला तर अडीचशे. म्हणजे भावातला फरक फक्त वाढवलेल्या ९ किलोंना लागत नाही. विकत घेतलेल्या १२ किलोंनाही लागतो. वीसपैकी दोन कोकरं शेवटी शेवटी मेली, तर उरलेल्या प्रत्येकावर सहाशेच्या वर बोजा पडतो. त्यात तुमची मजुरी आणि व्याज अजून धरलेलं नाही.

आणि कोकरं मरतात. चार बाजारांतून चार कळपांची आणून एका गोठ्यात कोंबली, तर पीपीआरसारखा रोग एका आठवड्यात सगळ्यांत फिरतो. म्हणून नव्या कोकरांना दोन-तीन आठवडे वेगळं ठेवावं लागतं आणि लस आधी द्यावी लागते. दुसरा शत्रू आंत्रविषार. माळावर वाढलेल्या कोकराला एकदम धान्य घातलं, की आतड्यातले जंतू माजतात आणि विष तयार होतं. या रोगाची खोड अशी, की कळपातलं सर्वांत गुबगुबीत, हावरं कोकरू आधी जातं. संध्याकाळी खात होतं, सकाळी मेलेलं सापडतं. खुराक दोन आठवड्यांत हळूहळू वाढवणं आणि वेळेवर लस, याला पर्याय नाही.

आता काट्याची गोष्ट. सौदा नगावर झाला आणि १२ किलोचं कोकरू तुमच्या नजरेला १४ चं वाटलं, तर तुम्ही ८०० रुपये जास्त दिले. तीन महिन्यांच्या खुराकाचा खर्च ८१० रुपये होता. नजरेची दोन किलोची चूक म्हणजे अख्ख्या हंगामाचा खुराक. हाच हिशेब उलटा करा. मेंढपाळाचं १४ किलोचं कोकरू १२ म्हणून गेलं, तर त्याने तेवढीच रक्कम हेड्याच्या हातावर ठेवली. हेडी रोज शंभर कोकरं चाचपतो. त्याची नजर चुकत नाही. चुकते ती घेणाऱ्या नवख्याची आणि विकणाऱ्या गरजूची. १८९७ साली कापसाला जो काटा मिळाला, तो सव्वाशे वर्षांनंतरही बहुतेक बाजारांत कोकराला मिळालेला नाही. १९६३ च्या बाजार समिती कायद्यात शेळ्यामेंढ्या धरलेल्या आहेत, बाजार भरतो, फी घेतली जाते. वजन मात्र डोळ्यांतच राहतं. लटकता काटा काही फार महाग येत नाही.

आणखी एक हिशेब पंचांगाचा आहे. मटणाची मागणी वर्षभर सारखी नसते. चैत्र-वैशाखात जत्रा आणि कंदुऱ्या, नंतर आखाड, मग श्रावणात बाजार थंड. बकरी ईद सगळ्यांत मोठी, पण ती दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २००९ मध्ये ती नोव्हेंबरच्या अखेरीस होती, २०२५ मध्ये ७ जूनला. दिवाळीतलं कोकरू मे-जूनपर्यंत तयार होतं, म्हणून ही काही वर्षं सोयीची गेली. त्यातही कुर्बानीला वयाची अट असते, हे विसरायचं नाही. २०३५ च्या सुमारास ईद फेब्रुवारीत येईल. तेव्हा दिवाळीतलं कोकरू आईच्या मागेच असेल. आजच्या ईदवर आखलेलं दहा वर्षांचं कर्ज दहा वर्षांनंतरच्या ईदला फिटणार नाही.

मग त्या तरुणाला काय सांगायचं? इतिहास सल्ला देत नाही, असं आम्ही एरवी म्हणतो. पण इथे तो पुष्कळ बोलतो. हा धंदा ज्याला ज्याला फळला, त्याच्याकडे स्वतःचा चारा होता. ज्याने कोकरू, कुटार आणि ढेप तिन्ही विकत घेतलं, त्याने छावणीतल्या साहेबासारखी फक्त चव घेतली. तेव्हा स्वतःच्या चार एकरांचं कुटार न जाळता साठवावं, ते जेवढ्यांना पुरेल तेवढीच कोकरं घ्यावीत, काट्यावर घ्यावीत, आणि पहिली खेप कर्जाशिवाय करावी.

पण आम्हाला आणखी एक गोष्ट सुचवायची आहे, आणि ती बाबांच्या बाजूची आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या १ कोटी ६ लाख होत्या आणि मेंढ्या अवघ्या २७ लाखांच्या आसपास. कोकरं भरवणारे वाढत आहेत. विणारी मेंढी घेऊन चालणारे वाढत नाहीत. २०१७ पासून राज्याच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो, ते चांगलंच आहे. पण मेंढी मिळाली तरी तिचं कोकरू तिसऱ्या महिन्यात स्वस्तात जाणार असेल, तर मेंढपाळाचा मुलगा काठी हातात कशाला घेईल?

आपल्याकडे बटई ही जुनी रीत आहे. जमीन बटईने देतात, शेळीही देतात. तीच रीत इथे का लावू नये? मेंढपाळाने कोकरू पुरतं न विकता काट्यावर वजन करून तरुणाच्या गोठ्यात सोडावं. त्या दिवशीच्या वजनाच्या भावातली काही रक्कम उचल म्हणून घ्यावी, म्हणजे त्याची फाल्गुनातली नड भागते. तरुणाने आपलं कुटार आणि खुराक घालावा. तीन महिन्यांनी पुन्हा काटा. जितके किलो वाढले, त्याची वाटणी ठरल्याप्रमाणे. तरुणाचं भांडवल कमी लागतं, भाव पडला तर फटका दोघांत वाटला जातो, आणि कोकरू एकाच ठिकाणाहून आल्यामुळे रोगाची भीतीही घटते. ही कल्पना कागदावर सोपी आहे, गावात अवघड आहे. उधारीचे आणि मेलेल्या कोकराचे वाद होतील. पण रानात मेंढरं बसवण्याचा जुना करारही तोंडीच होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. शेताला खत हवं होतं आणि कळपाला चारा हवा होता, म्हणून तो चालला. आज एकाकडे ढीग आहे आणि दुसऱ्याकडे कळप आहे.

त्या तरुणाला आम्ही हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे सर, आधी काटा घेतो, आणि त्या बाबांना शोधतो." बाबा तोवर घाट उतरून खाली गेले होते. दिवाळीनंतर कळप कुठे उतरतात, हे गावात कोणालाही विचारलं तरी कळतं. विचारायला जावं मात्र लागतं.

 आता प्रश्न घेऊ.